एकाच चुलीचे दोन रोग
(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला भाषण येत नाही. मी गोदीत गोणी उचलतो आणि रात्री कविता लिहितो. दोन्ही कामांना पोटात काहीतरी लागतं. म्हणून आज पोटावरच बोलतो.

मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या बाई आमच्या खोलीत वजनकाटा घेऊन आल्या. भाचीला काट्यावर उभी केली. चार वर्षांची पोर. वजन कमी, उंची कमी. बाईंनी कार्डावर खूण केली. मग गंमत म्हणून आई काट्यावर चढली. काटा भर्रकन पुढं गेला. सगळे हसले, आईपण हसली. पण आईला साखरेचा आजार आहे, अंगात रक्त कमी आहे, दोन जिने चढली की धाप लागते. खोली एक, चूल एक, रेशनकार्ड एक. पोर वाळलेली आणि आजी फुगलेली. हे कसं काय?

दवाखान्यातला डॉक्टर आईला म्हणाला, ‘बाई, खाणं कमी करा.’ आई म्हणाली, ‘साहेब, दोन टायमाला जेवते. त्यातला कुठला टाइम बंद करू?’ डॉक्टर पुढचा नंबर पुकारून मोकळा झाला. ती काय खाते, हे त्यानं विचारलं नाही. मी सांगतो. सकाळी चहा, साखर भरपूर, दूध नावाला, सोबत पाव. दुपारी रेशनचा भात आणि बटाट्याचा रस्सा. संध्याकाळी नाक्यावरचा वडापाव. रात्री चपाती आणि परत चहा. भाचीचंही ताट हेच. वर पाच रुपयांचं पाकीट, कारण ताई कामाला जाते आणि मागं पोर रडते.

पोट भरतं. रक्त, हाड, मांस भरत नाही. पोरीच्या एवढ्याशा पोटात मावतं थोडं आणि त्यात वाढीला लागणारं काही नसतं, म्हणून ती खुंटते. आईच्या अंगात तेच पीठ, तेल, साखर साठत जातं, म्हणून ती फुगते.

कुणी म्हणेल, हा तुझ्या घरचा किस्सा. मग सरकारचे आकडे घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस पोरं वयाच्या मानानं बुटकी निघाली. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या एकवीस बाया हडकुळ्या आणि तेवीस बाया जाड. शंभरातल्या चौपन्न बायांच्या अंगात रक्त कमी. म्हणजे जाड बाईच्या अंगातही रक्त असेलच असं नाही. आणि पांढरपेशे म्हणतात, झोपडपट्टीवाले हल्ली खाऊन माजलेत!

आता पुण्याचं ऐका. के.ई.एम. हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांची पोरं तपासली. तिथलं पोर जन्माला येताना सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. पण आपल्या पोराचं मांस कमी पडलेलं आणि चरबी मात्र राखलेली. आईच्या पोटातच ते टंचाईचा हिशेब शिकतं. पुढं शहरात येऊन त्याला स्वस्त साखर-तेल मिळालं की त्याच अंगाला लवकर मधुमेह धरतो. म्हणजे आज वाळलेली माझी भाची उद्याची माझी आई आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायांच्या खाण्यात दूध, पालेभाजी, फळं जास्त, त्यांची पोरं जन्मताना भरलेली होती. नुसतं पोट जास्त भरल्यानं तो फरक पडला नव्हता.

मग दूध, भाजी, डाळ, अंडं आमच्या ताटात का नाही? आळस म्हणून? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य दिलं. ते हवंच, त्याला हात लावू देऊ नका. पण ते बहुतेक गहू-तांदूळच. २०२२ च्या दिवाळीला सरकारनं शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला. चार जिनसा : रवा, साखर, पामतेल आणि हरभऱ्याची डाळ. त्यातली अंगाला लावणारी एकच. २०१५ ला गोवंश हत्याबंदीचा कायदा वाढवून बैलाचं मांस बंद केलं. गरिबाचं स्वस्त मांस गेलं. त्याबदली ताटात काय घालणार, हे कुणी सांगितलं नाही. २०२३ ला शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले आणि सांगितलं, द्यायचंच तर लोकवर्गणी काढा. तामिळनाडूत शाळेतलं पोर आठवड्याला पाच अंडी खातं. तिथं कुणाचा धर्म बुडाला नाही.

उपाय एकच आहे आणि तो दोन्ही रोगांवर चालतो. ब्राझीलनं २००९ ला कायदा केला : शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले निदान तीस टक्के लहान शेतकऱ्यांच्या मालावर खर्च करायचे. चिलीनं २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला आणि असा माल शाळेत विकायला बंदी घातली. एकीकडं ताटात चांगलं घाला, दुसरीकडं वाईट माल पोराच्या हातातून काढा. वाळलेलं पोर भरतं आणि भरलेलं फुगत नाही.

म्हणून आपण मागायचं ते हे : रेशनवर दर महिन्याला डाळ. शाळेत आणि अंगणवाडीत अंडं, वर्गणीवर नव्हे, हक्कानं. पाकिटावर अडाण्यालाही कळेल असा शिक्का. आणि वजनकाटा आजीसाठीही आणा. पोराची खूण करून निघून जाऊ नका.

आता शेवटचं, आणि हे आपल्याला झोंबणारं आहे. आमच्या घरी महिन्यातून दोनदा अंडी येतात. पहिलं अंडं माझ्या ताटात पडतं, कारण मी गोणी उचलतो. आई सगळ्यांच्या मागून रस्सा आणि भात खाते. तीस वर्षं दुसऱ्यांची धुणी-भांडी करताना तिनंही ओझंच उचललं. तिच्या अंगातलं रक्त कमी करणाऱ्यांत मीही आहे. इथं समतेची घोषणा देणाऱ्यांनी आज घरी जाऊन आधी एवढं बघावं : ताट कुणाचं आधी वाढलं जातं आणि शेवटच्या ताटात काय उरतं.

मी परवापासून आईला सोबत जेवायला बसवतो. ती लाजते. पण बसते.

जय भीम!