वळिवड्याचे पोलिश आणि आपल्या आज्या



बडनेरा किंवा अकोल्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूरला जाताना शेवटी शेवटी वळिवडे हे छोटं स्टेशन लागतं. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं.

1940-41 मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकली. 1942 मध्ये एक लाखाहून जास्त लोक तिथून इराणला पोहोचले. इस्फहानने त्यांच्या अनाथ मुलांना आसरा दिला. जे वाचले नाहीत, त्यांच्या कबरी आजही तेहरानमध्ये आहेत. उरलेल्यांपैकी काही जण कोल्हापूर संस्थानात आले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता.

युद्ध संपलं, पण घर उरलं नव्हतं. त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. मग कुणी ब्रिटनला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी अमेरिकेला. रिकाम्या बराकींत फाळणीत उखडलेले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर.

कम्युनिस्ट पोलंडमध्ये या हद्दपारीबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे स्वतःची संघटना काढली, आठवणी आणि फोटो गोळा केले आणि जाडजूड पुस्तक छापलं. म्हणून आज आपल्याला वळिवडे माहीत आहे.

आता आपलं बघा. वऱ्हाडात आपल्यापैकी कुणाचं घराणं बुऱ्हाणपूरकडून आलं, कुणाचं हैदराबादकडून. कागदावर आजोबांचं नाव सापडतं. आजी कुठल्या गावची, कुणाबरोबर आली, सोबत काय आणलं, हे फक्त तिला ठाऊक असतं. ती गेली की विचारणार कुणाला?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तेव्हा सरळ काम सांगतो. या ईदला मोबाईल समोर ठेवा आणि आजीला बोलू द्या. उर्दू, दखनी, वऱ्हाडी, जी तिची बोली असेल तीत. गावांची नावं ती म्हणते तशीच लिहा. जुन्या कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तारीख टाका आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा.

आपली गोष्ट आपण नोंदवली नाही, तर ती दुसरं कुणीतरी सांगेल, त्याला हवी तशी.