नाडी आणि देहाचा विश्रांतींतील खर्च

नाडी पाहणें ही आपल्याकडची जुनी विद्या. आज मीं तिच्याविषयींचा एकच लहान प्रश्न घेतला आहे. निरोगी तरुण स्वस्थ पडला असतां, त्याच्या नाडीवरून त्याच्या देहांतील चयापचय किती वेगानें चालला आहे हें ओळखतां येईल काय? हल्लीं मनगटावरचीं घड्याळेंहि नाडी मोजून उष्मांकांचा हिशेब मांडतात. आणि नाडी मिनिटास पन्नासच पडते, तेव्हां आपला देह अन्न कमी जाळतो, अशा समजुतीनें जेवण तोडणारे विद्यार्थी मीं पाहिले आहेत.

विश्रांतींतहि प्रौढ देहास दर मिनिटाला सुमारें २५० घनसेंटिमीटर प्राणवायु लागतो. तो किती पोंचतो हें तीन गोष्टींच्या गुणाकारानें ठरतें: ठोके किती, दर ठोक्यास रक्त किती, आणि त्या रक्तांतून प्राणवायु किती काढून घेतला जातो. फिक या शास्त्रज्ञानें १८७० सालीं मांडलेल्या तत्त्वाचा हाच अर्थ. आडावरून कळशीनें सत्तर खेपा केल्या काय, किंवा मोठ्या घागरीनें पन्नास केल्या काय, रांजण तितकाच भरावयाचा! ७० घनसेंटिमीटरांचे ७० ठोके आणि ९८ चे ५० ठोके, दोहोंचेंहि रक्त ४,९०० च होतें. लांब पल्ल्याच्या धावपटूचें हृदय या घागरीच्या जातीचें असतें.

हॅरिस व बेनेडिक्ट यांनीं १९१९ सालीं अमेरिकेंत १३६ पुरुष व १०३ स्त्रिया यांच्या मोजमापांवरून विश्रांतींतील चयापचयाचीं सूत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत वजन, उंची आणि वय आहे, नाडी नाहीं.

मग नाडी निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. दोन माणसांची तुलना सोडून एकाच माणसाची आजची नाडी त्याच्याच कालच्या नाडीशीं ताडून पहा. ज्वर एक अंश सेल्सियस चढला कीं चयापचय सुमारें दहाव्या हिश्शानें वाढतो, आणि नाडीहि जलद होते. थायरॉइड ग्रंथीचा जोर वाढला तरी दोन्ही वाढतात. मात्र परीक्षेच्या भयानेंहि नाडी धांवते, आणि तेवढ्या प्रमाणांत अन्न जळत नाहीं. शिवाय तरुणांची नाडी श्वास घेतांना किंचित् जलद व सोडतांना मंद होते. तो दोष नव्हे.

म्हणून सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं, पुरतें एक मिनिट, कांहीं दिवस ओळीनें नाडी मोजावी. मंद नाडीबरोबर घेरी येत असेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. एरवीं तेवढ्यासाठीं भाकरी कमी करूं नये.