खडा वेळेवर सापडला तर

भगिनींनो,

आज मी भाषण करायला आलेली नाही. चार गोष्टी बोलायला आले आहे. तुम्ही आता वाचायला लागलात. हे बोलणं छापून तुमच्या हाती येईल, तेव्हा ते घरी न्या. सासूबाईंना, जावेला, शेजारणीला वाचून दाखवा.

आपण तांदूळ निवडायला बसतो. बोटांना खडा लागतो, तो आपण बाजूला काढतो. खडा सापडला म्हणून कोणी रडत बसत नाही. पण न निवडताच भात शिजवला, तर तोच खडा दाताखाली येतो. स्तनाच्या कर्करोगाचं असंच आहे. लवकर सापडला, तर उपाय सोपा. उशिरा सापडला, तर हाल फार.

हे नाव काढताच तुमच्यातल्या काहींनी खाली पाहिलं. काहींनी पदर सावरला. अहो, हीच तर पहिली अडचण आहे!

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवाजी पेठेत राहत. आम्ही त्यांना आक्का म्हणत असू. एकदा आंघोळ करताना त्यांच्या हाताला गाठ लागली. हरभऱ्याएवढी. त्यांनी मला एकटीलाच सांगितलं.

मी म्हटलं, "आक्का, दवाखान्यात जाऊन येऊ या."

त्या म्हणाल्या, "दुखत न्हाई, खुपत न्हाई. मग कशाला? लेकीचं लगीन ठरलंय. बोभाटा झाला तर पावणे माघारी फिरतील. लगीन होऊ दे."

मग मीही म्हणाले, "बरं, लगीन होऊ दे."

लग्न झालं. मग दिवाळी आली. मग लेकीचं बाळंतपण आलं. दहा महिने गेले. हरभऱ्याचं लिंबू झालं. मग धावपळ केली, उपचार केले. पण रोग पुढे गेला होता. तीन वर्षांनी आक्का गेल्या. त्या मला कधी बोलल्या नाहीत. पण मी स्वतःला रोज बोलते. त्या दिवशी मी हात धरून नेलं असतं तर?

म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

आपण शहरात राहतो. दवाखाने जवळ आहेत, डॉक्टर आहेत. खेड्यापेक्षा शहरातल्या बायकांत हा रोग जास्त आढळतो. तरी आपण तपासून घेत नाही. 2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर घरोघर पाहणी केली. 30 ते 49 वर्षांच्या बायकांना विचारलं, "स्तनाची तपासणी कधी करून घेतली का?" हो म्हणणारी शंभरात एकसुद्धा भरली नाही! शहरातल्या बायकांतही शंभरात जेमतेम एक निघाली.

असं का होतं? मी पेठापेठांतून बायकांशी बोलले. जी कारणं ऐकली, ती सांगते.

पहिलं कारण : "दुखत नाही." बायांनो, या गाठीचा कावा हाच. सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही. दुखण्याची वाट पाहू नका.

दुसरं कारण : लाज. "पुरुष डॉक्टरपुढे कसं जायचं?" ही अडचण आजची नाही. डॉ. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या हीच अडचण ओळखून. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमलं होतं. पण त्या आजारी होऊनच परतल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. कोल्हापूरचं काम हाती घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं. तेच हॉस्पिटल म्हणजे आजचं आपलं सीपीआर, थोरला दवाखाना. आनंदीबाईंच्या वेळी बाई डॉक्टर मिळणं मुश्किल होतं. आज बाई डॉक्टर आहेत, नर्सबाई आहेत. "मला बाईकडूनच तपासून घ्यायचं आहे," असं स्पष्ट सांगा. त्यात संकोच कसला?

तिसरं कारण : वेळ आणि पैसा. "सकाळी पाणी, डबे, पोरांची शाळा. मग कामावर. एक दिवस खाडा झाला तर पगार कापतात." हे खरं आहे. ज्या बाईचं हातावर पोट, तिला नुसतं "जा" म्हणून चालत नाही. घरच्यांनी त्या दिवशी तिचं काम वाटून घ्यायला हवं. पण अंबाबाईच्या दर्शनाला रांगेत आपण दोन-दोन तास उभ्या राहतोच ना? हाताने करायच्या तपासणीला थोडीच मिनिटं लागतात. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. 2016 साली सरकारने त्याचे नियम ठरवले आहेत : 30 वर्षांपुढच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी. तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा. उपचाराची वेळ आलीच, तर महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेची मदत मिळते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा आणि दवाखान्यात आरोग्यमित्राची चौकशी करा.

चौथं कारण : भीती. "काही निघालं तर?" अहो, बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. आणि असली, तरी लवकर सापडलेली गाठ बरी होऊ शकते. पुष्कळदा सगळा स्तन काढावाही लागत नाही. हा रोग शिवण्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. हा कोणाच्या पापाचं फळही नाही.

पाचवं कारण : "मला कुणी चल म्हटलंच नाही." हे सगळ्यांत मोठं.

आता मुंबईची गोष्ट ऐका. परळच्या टाटा हॉस्पिटलाने 1998 साली एक मोठं काम सुरू केलं. मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत आरोग्यसेविका घरोघर जात, समजावून सांगत आणि दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी करत. त्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या, आपल्यासारख्याच बाया होत्या. असे चार फेरे झाले. 20 वर्षांनी हिशेब मांडला. जिथे तपासणी झाली, तिथे रोग लवकर सापडला. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण एवढं दिसलं, की मोठं यंत्र नसलं तरी शिकलेले हात पुष्कळ करू शकतात.

आता खुणा ध्यानात ठेवा. स्तनात किंवा काखेत गाठ. कातडीला खळी पडणं, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. बोंड आत ओढलं जाणं. बोंडातून रक्त येणं. तिथली न भरणारी जखम. यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. लग्न, सण, बाळंतपण, सगळं होईल, आधी दवाखाना. आणि काही दिसलं नाही, तरी ठरल्या वेळी तपासून घ्याच.

शेवटी एक कबुली देते. आक्का गेल्यावरही दोन वर्षं मी स्वतः तपासून घेतलं नव्हतं. दुसऱ्यांना सांगत होते, पण आपल्याच पायाला जड होत होतं. एक दिवस शेजारच्या काकू म्हणाल्या, "चल गं, मी येते संगं." दोघी गेलो. अर्ध्या तासात परत आलो आणि येताना मंडईतून भाजीही घेतली.

तेव्हा भगिनींनो, एकटी जाऊ नका. दोघी-दोघी जा. आज घरी जाताना एका बाईला एवढंच म्हणा, "चल, मी येते संगं."