वरणातली पुडी

लातूरच्या या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत. वयाचा मान ठेवलात, हेही कळलं. व्यसनमुक्तीच्या बैठकांत आयुष्यभर ‘मी, मी’ इतकं ऐकून झालंय, की आजचा अध्यक्ष स्वतःविषयीसुद्धा ‘तो’ म्हणूनच बोलणार आहे. सांभाळून घ्या.

संयोजकांनी दिलेला विषय भारदस्त आहे: कोकेन आणि नवी व्यसनं, संशोधनाचा आढावा. आढाव्याला लगेच हात घालू. कुठवर पोचतो ते बघू.

कोकेनची कथा डॉक्टरांच्या घरातूनच सुरू होते. 1884 मध्ये व्हिएन्नात अठ्ठावीस वर्षांच्या सिग्मंड फ्रॉइडने कोकेनचे गुण गाणारा निबंध लिहिला. फ्लाइश्ल-मार्क्सोव नावाचा त्याचा डॉक्टर मित्र मॉर्फिनच्या आहारी गेला होता. ते सोडवायला फ्रॉइडने त्याला कोकेन दिलं. मॉर्फिन सुटलं नाहीच, कोकेन मात्र चिकटलं. 1891 मध्ये तो मित्र गेला. एका पुडीवर दुसऱ्या पुडीचा उतारा करायला निघालेल्या वैद्यांची परंपरा अशी जुनी आहे, आणि त्या परंपरेत आपण बसतो.

आपल्याकडे कोकेन नाकावाटे आलं नाही, विड्यातून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता, मुंबई, दिल्लीत पानपट्टीवाले चुना-कातासोबत ते चोरून विकत. रामनाथ चोप्रांनी 1930 च्या आसपास या सवयीचा रीतसर अभ्यास केला. आज सिनेनटाच्या पार्टीची बातमी आली की कोकेन काल विमानातून उतरल्यासारखं बोललं जातं. पानपट्टीवर ते आपल्या पणजोबांनी पाहिलं असेल.

आता आजचा आकडा. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेली देशव्यापी पाहणी 2019 मध्ये आली. 10 ते 75 वयोगटात दारू पिणारे 14.6 टक्के, म्हणजे सुमारे 16 कोटी. कोकेनवाले 0.10 टक्का. तुमच्या अध्यक्षाने नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये उभी हयात काढली. कोकेनचे रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि तेही मुंबई-पुण्याहून बापाने घरी ओढून आणलेले. बाकी सगळी देशी, शिंदी, नशेच्या बटन गोळ्या, गुटखा. आणि आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन. एप्रिल 2025 मध्ये याच लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावात एमडीचा कारखाना पकडला, 11 किलोहून जास्त माल निघाला. तेव्हा ‘हे मुंबईचं लफडं’ म्हणायची सोय आता उरलेली नाही.

उपचारांचं काय? कोकेनवर मान्यता मिळालेलं एकही औषध आजपर्यंत नाही. गंमत बघा, दारूवर आपण जी डायसल्फिराम देतो, तीच गोळी येल विद्यापीठात 1990 च्या दशकात कोकेनवर तपासली गेली. त्याच काळात व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्सने लघवीची तपासणी कोरी निघाली की रुग्णाला खरेदीचं कूपन द्यायला सुरुवात केली, आणि त्याचा उपयोग होतो असं दाखवलं. आपल्याकडे वर्षभर न प्यायलेल्या माणसाला टॉवेल-टोपी देतात, ते याच जातीचं. फक्त त्यावर कुणी निबंध लिहिला नाही.

झाला आढावा. आता डायसल्फिरामचं नाव निघालंच आहे, तर ज्यासाठी ही खुर्ची घेतली ते बोलू द्या.

सकाळच्या सत्रात आपल्या तरुण सहकाऱ्यांमध्ये चांगलीच जुंपली. पिणारा नवरा दवाखान्यात यायला तयार नाही, बायको हातापाया पडते, मग तिच्या हाती गुपचूप गोळी द्यावी की नाही? एकाने परदेशी लेख काढले, दुसऱ्याने नीतिशास्त्र. तिसरा म्हणाला, ‘सर, खेड्यात हे चालतंच.’ चालतं, खरं आहे. एस.टी. स्टँडच्या भिंतीपासून पेपरातल्या छोट्या जाहिरातींपर्यंत ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ चालतंच. प्रश्न आपण ते चालवतो का, हा आहे.

1991 सालची गोष्ट. बिलोली तालुक्यातली एक बाई दवाखान्यात आली. तान्हं पोर काखेत, पायात चप्पल नाही. नवरा जिनिंगवर कामाला, पगाराच्या दिवशी हमखास मारायचा. ‘डाक्टरसाहेब, मालकाला कळू न देता सुटंल असं कायतरी द्या. कळलं तर जित्ती ठेवणार न्हाई.’ डॉक्टर तरुण होता, बाहेर रांग होती, आणि दया आली होती. दयेइतकं घाईचं दुसरं काही नसतं. त्याने डायसल्फिराम लिहून दिली आणि वर सांगितलं, लाटण्याने बारीक कर आणि वरणात टाक, चव लागत नाही.

डायसल्फिराम दारूची ओढ कमी करत नाही. शरीरात दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग ते एका वितंचकाने मोडतं. ही गोळी ते वितंचक बंद पाडते, विष साठत जातं. चेहरा लालबुंद, छाती धडधडते, ओकारी, डोकं फुटतं, रक्तदाब उतरतो. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत हे होऊ शकतं. 1948 मध्ये कोपनहेगनहून हे औषध जगापुढे आलं, तेव्हा याकोबसेन आणि हाल्ड यांनी आधी स्वतःवर प्रयोग केले होते. गोळी घेतली आहे हे त्यांना ठाऊक होतं. वरण खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

तेराव्या दिवशी तो माणूस मेहुण्याच्या लग्नात प्यायला. जीपमधून नांदेडला आणला तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. रात्रभर सलाईन चाललं. पहाटे तो शुद्धीवर आला, आणि ‘मला काय झालं?’ असं त्याने विचारलंच नाही. बायकोकडे बघून म्हणाला, ‘काय घातलंस?’

वाचला. पुढची सहा वर्षं त्याने तिच्या हातचं काही खाल्लं नाही. सकाळी स्टँडवरची भजी, रात्री चौकातली भुर्जी. तिने ताट वाढायचं, त्याने ते उचलून पोरांपुढे सरकवायचं. दारू सुटली नाही. सुटला तो तिच्या हातचा घास. ती बाई परत आली ती औषधासाठी नव्हे. ‘साहेब, तुमचंच नाव सांगते त्याला, माझा इश्वास धरत न्हाई,’ एवढंच म्हणाली. तिच्यापुढे काय बोलावं ते या अध्यक्षाला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.

नांदेडच्या सीमेवर प्रॅक्टिस करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूर ओलांडलं की तेलंगण. तिकडच्या भेसळीच्या शिंदीत डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोरल हायड्रेट मिसळतात. 2015 मध्ये तिकडे कारवाई झाली, पुरवठा आटला, आणि निजामाबाद, महबूबनगरच्या सरकारी दवाखान्यांत माणसं थरथरत, भास होत, बडबडत येऊ लागली. आपण शिंदीच पितो, अशीच त्यातल्या कित्येकांची समजूत होती. शिंदीवाल्याने न सांगता पुडी मिसळली म्हणून आपण त्याला गुन्हेगार म्हणतो. बरोबरच आहे. मग वरणात पुडी मिसळायला सांगणाऱ्या डॉक्टरला काय म्हणायचं? एकाच माणसाच्या पोटात दोन्हीकडून न सांगता काहीतरी जातंय, आणि वर आपण त्याला म्हणतो, तू खोटारडा आहेस.

न फसवता, विश्वासात घेऊन उपचार होतात, हे मराठी मुलखाला ठाऊक नव्हतं असं नाही. 1986 मध्ये पुण्यात गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा, कहर होता. येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने तिथेच मुक्तांगण सुरू केलं. गर्दुल्ला म्हणजे चोरी, थापा, घरातली भांडी विकणारा पोरगा. अशा पोरांपाशी या बाईने गप्पा मारल्या, आणि त्यातूनच बरे झालेले पुढे कार्यकर्ते झाले. 1997 मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, फ्रॉइडचं आहे.

कायदाही आता स्पष्ट आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार त्यात येतात, आणि उपचार समजून दिलेल्या संमतीने व्हावेत, असं तो म्हणतो. पण कायद्याच्या धाकाने वरण स्वच्छ होणार नाही. ते ओपीडीत व्हायला हवं.

कुणी विचारेल, मग त्या बाईने मार खात राहायचं का? नाही. नंतर तुमच्या अध्यक्षाने अशा बायकांकडून नवऱ्याला निरोप धाडले: दारूचं सोड, पोटाची, झोपेची तक्रार असेल तर ये. बरेच आले. काही आलेच नाहीत. त्यांच्या बायकांसाठी माहेर, पोलीस, वकील ही वाट धरावी लागली, तीही दवाखान्याच्याच टेबलावरून. आलेल्यांपैकी एक लोहाराचा मुलगा अजून आठवतो. गोळी काय करते ते सगळं ऐकून घेतलं, आणि रोज सकाळी चहाच्या आधी बायकोसमोर स्वतः जिभेवर ठेवू लागला. दोनदा घसरला. दोन्ही वेळा स्वतः सांगायला आला.

संमेलनाने काही कामं हाती घ्यावीत, अशी प्रथा आहे. नांदेड-लातूरच्या दवाखान्यांची एक सामाईक नोंदवही करू. तिचा नमुना समिती ठरवील. निजामाबादच्या डॉक्टरांशी बोलायला हवं. कोण बोलणार ते जेवताना बघू. बायकांसाठी मराठीत एक पानाचं पत्रक काढावं. ते मात्र या अध्यक्षाने लिहून आणलंय, बाहेर टेबलावर ठेवलंय. जाताना प्रत्येकाने एक गठ्ठा न्या. आणि सोमवारी ओपीडीत कुणी पदराच्या टोकाला शंभराची नोट बांधून नकळत द्यायची पुडी मागायला आली, तर चिठ्ठी लिहू नका. तिला बसवा, पत्रक वाचून दाखवा, आणि मालकाला आणायची तारीख द्या.