अडलेली चाचणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात आपल्यापैकी एक भगिनी मोबाईलवर एक अभ्यासक्रम करीत होत्या. घरचे सगळे आटोपून रोज रात्री त्या धडे ऐकीत. शेवटची चाचणी उघडली तेव्हा मात्र पडद्यावर नुसती पांढरी चौकट, आणि तीत “पुन्हा प्रवेश करा” एवढेच. प्रवेश केला, तरी पुन्हा तेच. मुदत रात्री बारापर्यंतची. मला म्हणाल्या, “माह्यंच काही चुकलं असन वो बाई. ह्या वयात शिकाले निघाली ना मी!” भाच्याने फोनमधले सारे पुसून टाकायला सांगितले, तेही त्यांनी केले. त्यामुळे इतर ठिकाणचे प्रवेश तेवढे गेले. चाचणी होती तेथेच राहिली.

त्यांची चूक काहीच नव्हती, हे सांगण्यासाठीच मी उभी आहे.

देवळाबाहेर चपला ठेवल्या की राखणदार आपल्याला बिल्ला देतो. परत आलो की तो बिल्ला पाहून आपल्याला ओळखतो. संकेतस्थळेही अशीच ओळखीची चिठ्ठी आपल्या ब्राउझरपाशी ठेवतात. तिला कुकी म्हणतात. १९९४ पासून ही रीत चालू आहे. आता मौज अशी की, अभ्यासक्रम एका स्थळाचा असतो आणि त्यातली चाचणी पुष्कळदा दुसऱ्याच स्थळाची, पहिल्याच्या पानात चौकट करून बसविलेली. त्या चौकटीतल्या पाहुण्याची चिठ्ठी ब्राउझर परकी समजतो व अडवून धरतो. चिठ्ठी नाही म्हणून चाचणी विचारते, तुम्ही कोण?

ब्राउझरलाही सर्वस्वी दोष देता येत नाही. अशाच परक्या चिठ्ठ्यांच्या आधारे जाहिरातवाले आपण कोठे कोठे फिरलो याचा माग काढीत असतात. म्हणून सफारीने मार्च २०२० पासून त्या सरसकट बंद केल्या. क्रोमनेही त्या काढून टाकण्याचे जाहीर केले होते, पण पुढे तो बेत सोडला. तेथे गुप्त खिडकीत मात्र त्या आपोआप अडतात. एकाच घरात जावेच्या फोनवर धडा उघडतो आणि आपल्या फोनवर अडतो, तो यामुळे.

त्या रात्री आम्ही काय केले ते सांगते. प्रथम गुप्त खिडकी नाही ना, ते पाहिले. मग चौकटीखाली ‘नव्या खिडकीत उघडा’ असे कोठे आहे का, ते शोधले. तसे असेल तर तोच सर्वांत सोपा उपाय, कारण तेथे चाचणी पाहुणी राहत नाही, घरधनीण होते. (नव्या खिडकीतही तेच झाले, तर दुखणे बहुधा दुसरे समजावे.) आमच्या नशिबी ती सोय नव्हती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, आणि तेथे तृतीय पक्ष कुकी असा भाग आहे. कोणी तरी सुरक्षिततेसाठी त्या पूर्वीच अडवून ठेवल्या होत्या. आम्ही सर्वांना दार उघडले नाही. केवळ अभ्यासक्रमाच्या स्थळाचा पत्ता अपवाद म्हणून घातला. आयफोन असेल तर सफारीच्या सेटिंग्जमधील माग काढण्यास प्रतिबंध करणारी खूण चाचणीपुरती काढावी आणि काम होताच आठवणीने परत लावावी.

खरे पाहता अभ्यासक्रम चालविणाऱ्यांनीच चाचणी नव्या खिडकीत उघडेल असे करून ठेवले, तर शंभर जणींचा त्रास वाचेल. तसे त्यांना लिहून कळवावे. पडद्यावरची सूचना अक्षरशः उतरवून पाठवावी. महदंबेच्या या रिद्धपुरात बायकांनी विचारायला का लाजावे? ती तर चक्रधरांना शंका विचारून विचारून भंडावीत असे. आणि २०२४ पासून गावात मराठीचे विद्यापीठही आहे.

आमच्या भगिनींनी उत्तरे पाठविली तेव्हा पावणेबारा झाले होते.

ज्यांचे धडे अडले असतील त्यांनी चहानंतर फोन घेऊन माझ्याकडे यावे. चार्जर मात्र आपापला आणावा.