पेठनगरीत आपलं स्वागत

व्यासपीठावरील मान्यवर, प्राचार्य, प्राध्यापक आणि शेतातली कामं बाजूला ठेवून आलेल्या पालकांनो,

‘बदलतं तंत्रज्ञान आणि उच्च शिक्षण’ या परिषदेसाठी आपण घाट उतरून इथवर आलात, पेठकरांच्या वतीने आपलं मनापासून स्वागत.

पेठ म्हणजे धो-धो पाऊस, भात, नागली नि वरई, एवढीच नाशिककरांची माहिती. अहो, ही पेठ संस्थानची राजधानी! १८५७ च्या डिसेंबरात इथे उठाव झाला आणि भगवंतराव राजे फासावर गेले. झाशी-कानपूर पोरांना तोंडपाठ. भगवंतराव कोण, हे मात्र आमच्याच पोरांना सांगावं लागतं. १८७८ मध्ये संस्थानच्या बेगम नूरजहान वारल्या आणि संस्थान खालसा झालं. अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहताहेत, तरी दादासाहेब बिडकरांचं नाव घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही. १९३७ साली त्यांनी डांग सेवा मंडळ काढलं. रस्ते नव्हते तेव्हा या डोंगरांत शाळा आणली. आज पेठच्या महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. ज्यांच्या घरात पाटी नव्हती, त्यांची नातवंडं तिथे बी.एस्सी. करतात.

आता विषयाकडे वळतो. त्यातलं मला फार कळत नाही. १९८९ मध्ये नाशकात मुक्त विद्यापीठ आलं, तेव्हा घरी पोस्टाने पुस्तकं येणं हीच क्रांती वाटली. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आता निबंध कोणी लिहिला, हेच सरांना कळेना. माझं म्हणणं एवढंच : प्रवेश ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन, पण पाड्यावरच्या मुलीला ओटीपीसाठी टेकडीवर जावं लागतं. ती धापा टाकत वर पोचते, तोवर ओटीपीची मुदत संपते. नवं काही आणाल तेव्हा त्या टेकडीचाही हिशेब धरा.

व्यवस्थेत उणिवा आहेत, पदरात घ्या. खोल्या कमी पडल्या, काही पाहुण्यांना वसतिगृहात सतरंजीवर झोपावं लागलं. माईक खरखरतोय, जनरेटर आहे, डिझेल आणायला माणूस गेलाय. मंडपवाले, तांदूळ देणारे शेतकरी, दुधाचे पैसे नाकारणारे गवळीदादा, बाजारपेठेतले व्यापारी, नागलीच्या भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या ताई, सर्वांचे आभार. ज्यांची नावं राहिली त्यांनी रागावू नये, यादी कार्यवाहांच्या खिशात आहे.

जेवणाची कूपनं डावीकडच्या टेबलावर मिळतील. पाहुण्यांची पंगत आधी बसेल, पेठकरांनी कृपया थांबावं.