टिचबटणाचं रसायन

सब्जाचं बी पाण्यात टाकलं की थोड्याच वेळात त्याभोवती पारदर्शक गर धरतो. हा निसर्गाचा हायड्रोजेल. पॉलिमर म्हणजे लांबलचक रेणूंचे धागे. त्यांचं जाळं तयार होतं आणि त्यात पाणी अडकून राहतं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हाही हायड्रोजेलच. चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्टर्ले यांनी १९६०च्या सुमारास त्याचा पाया घातला.

जाळं विणायचं तर धाग्यांना गाठी मारायला हव्यात. त्यासाठी वापरलेल्या रसायनांचा काही अंश मागे उरतो. लेन्स तयार झाल्यावर धुऊन घेता येते. पण झिजलेल्या कूर्चेसाठी जिवंत पेशी जेलमध्ये वाढवायच्या असतील, तर? गाठी बसताना पेशी आतच असतात. तिथं नंतर धुऊन काय उपयोग?

अमेरिकेतले बॅरी शार्पलेस आणि त्यांचे सहकारी कोल्ब व फिन यांनी २००१ साली ‘क्लिक केमिस्ट्री’ची कल्पना मांडली. मी ती विद्यार्थ्यांना टिचबटणाची उपमा देऊन सांगतो. बटणाचे दोन भाग समोरासमोर आले की टिच्चकन बसतात. आजूबाजूच्या कापडाशी त्यांना काही देणंघेणं नसतं. २००२ साली डेन्मार्कचे मॉर्टन मेल्डल आणि शार्पलेस यांना, स्वतंत्रपणे, असं बटण सापडलं. एका बाजूला अझाइड, दुसऱ्या बाजूला अल्काइन. तांब्याच्या सान्निध्यात दोन्ही झटकन जुळतात. मग काय, पॉलिमरच्या धाग्यावर औषध लावा, रंग लावा किंवा पेशीला धरून ठेवणारा प्रथिनाचा तुकडा लावा. हवा तो गुण धाग्याला जोडता येऊ लागला.

अडचण एकच होती. हे तांबं पेशींना बाधतं.

कॅरोलिन बर्टोझी यांनी २००४ साली तांब्याला रजा दिली. अल्काइनमधला तिहेरी बंध सरळ राहू पाहतो. त्याला आठ कार्बनांच्या कड्यात वाकवून बसवलं, की वाकवलेल्या वेताच्या छडीसारखा तो ताणात राहतो. अझाइड भेटताच हा ताण सुटतो आणि गाठ बसते. बर्टोझींना पेशींवरच्या शर्करा पाहायच्या होत्या. फायदा जेल करणाऱ्यांनाही झाला. कोलोरॅडो विद्यापीठात क्रिस्टी अँसेथ यांच्या गटानं २००९ साली अशाच गाठींनी जिवंत पेशींभोवती जेल विणला. पुढं प्रकाश टाकून, नेमक्या हव्या त्या जागी, त्यात प्रथिनांचे तुकडेही जोडले. मेल्डल, शार्पलेस आणि बर्टोझी यांना २०२२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

उपमेला एक मर्यादा मात्र आहे. टिचबटण उघडता येतं. ही गाठ सहसा सुटत नाही. शरीरात जेल विरघळायला हवा असेल, तर धाग्यातच तुटणारे दुवे आधी ठेवावे लागतात. म्हणून अशा जेलबद्दल वाचाल, तेव्हा गाठ किती लवकर बसली एवढंच पाहू नका. आतली पेशी दुसऱ्या दिवशी जिवंत होती का, तेही विचारा.